फोटो काढला कोणी?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला, मार्टिनिक या कॅरिबियन बेटावरच्या मकाव पोपटावरचा लेख वाचला, लेख छानच होता, लेखकाबद्दल काही तक्रार नाही, पण वर तो लालभडक पक्ष्याचा फोटो टाकून खाली ‘मार्टिनिकचा नामशेष मकाव’ असं छापलं कोणी? अहो तो मध्य-दक्षिण अमेरिकेतला लाल मकाव आहे, आजही जिवंत आहे! मार्टिनिकचा पक्षी आपल्याला माहीत आहे तो झाक बुतों या जेझुइट पाद्र्याने १६४० मध्ये छापलेल्या थोड्याशा ओळींमुळे. त्याचं कातडं नाही की हाड नाही. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रॉथशिल्डने १९०५ मध्ये शास्त्रीय नाव दिलं तेही त्याच वर्णनावरून. फोटोग्राफी आली १८३९ च्या सुमाराला, मग हा फोटो काढला कोणी?

शिवाय बुतोंने रंग सांगितलाय निळा आणि केशरी, तुमच्याच लेखात तो दिलाय. माझ्या चौथीतल्या मुलीला मी फोटोवर हात ठेवून तेवढंच वाचून दाखवलं आणि तिने शाळेसाठी चित्र काढलं. केशरी खडू नखाएवढा उरला होता, तो घासून घासून तिची बोटं केशरी झाली. दुसऱ्या दिवशी वर्गात दोघातिघांनी तुमच्या फोटोचं कात्रण आणलेलं, बाईंनी हिच्या चित्रावर फुली मारून ‘रंग चुकला’ लिहिलं. बाईंना मी दोष देत नाही, पेपरात छापून आलंय म्हटल्यावर कोण शंका घेणार? पण घरी येऊन पोरीने गुपचूप लाल खडू घेतला आणि मी बघेपर्यंत चित्रातल्या पक्ष्याचं पोट अर्धं लाल करून टाकलं होतं. मला फार वाईट वाटलं.

काही अभ्यासक म्हणतात की बुतोंने पाहिलेले पक्षी बाहेरून आणलेले साधे निळे-पिवळे मकावच असतील, वेगळी जात नव्हतीच. तो वादसुद्धा त्या रंगांवरच चाललाय. जिवंत पक्ष्याबद्दल चूक झाली तर पक्षी बघून सुधारता येते, याच्याबाबतीत काय बघणार? ‘कल्पनाचित्र’ म्हणून चित्र छापलं असतं तरी चाललं असतं.



दुरुस्ती त्याच पानावर, ठळक छापा, कृपया आतल्या कोपऱ्यात नको. कात्रण बाईंना दाखवायचंय.

आपली,
एक वाचक, डोंबिवली