मावशी-शिपायांचे प्रशिक्षण कधी?

महोदय,
ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्या मुलींवरील लैंगिक अत्याचाराची घटना उघड झाल्यावर शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेट्या, पोलिस पडताळणी यांची धावपळ झाली. ती हवीच होती. पण पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) नियम, २०२० पडताळणीवर थांबत नाहीत. शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी, प्रत्येकाला बालसुरक्षेचे प्रशिक्षण वेळोवेळी द्यायचे आहे. प्रत्यक्षात पडताळणीचा कागद फाइलला लागतो आणि प्रशिक्षणाला बसतात फक्त शिक्षक. (कंत्राटी माणूस शाळेचा की ठेकेदाराचा, हा घोळ वेगळाच.)

बालवर्गातले मूल ‘शू करताना दुखतंय’ हे बाईंच्या आधी मावशींना सांगते. तेव्हा त्याच्यावर ओरडायचे नाही, खोदून खोदून विचारायचे नाही, संशय आला तरी पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो, हे मावशींना कोणी सांगितले आहे का? त्यांना एवढेच माहीत असते की शाळेचे नाव खराब व्हायला नको.

शिक्षण विभागाने जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी साध्या मराठीत, भरपगारी प्रशिक्षण सक्तीचे करावे. स्कूल बसचे चालक आणि बसमधल्या ताईही त्यात हव्यात.

– एक पालक, कल्याण