१.४० वरची फुली

चि. ऋतुजा,
अनेक आशीर्वाद.

उंच उडीच्या स्पर्धेतल्या तुझ्या कार्डाचा फोटो मिळाला. दोघींची उडी १.५५ मीटर, मग त्या मुलीला सुवर्ण आणि मला रौप्य का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कार्डातच आहे. आधी शेवटची पार केलेली उंची बघतात. १.५५ वर दोघींची एकेक फुली, म्हणजे एकेक चुकलेला प्रयत्न, म्हणून बरोबरी. मग सुरुवातीपासून तिथपर्यंतच्या सगळ्या फुल्या मोजतात. तिची एक, तुझ्या दोन. १.६० वरच्या तीन-तीन फुल्या या हिशेबात येतच नाहीत. तुझं सुवर्ण १.४० वर गेलं, जी उंची तू सरावात गप्पा मारत पार करतेस.

व्हालेरी ब्रुमेल हे नाव तू ऐकलं नसशील. १९४२ साली सैबेरियात जन्मलेला, लुहान्स्कला वाढलेला रशियन. सोव्हिएत संघाकडून उंच उडी मारायचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकला तो अठरा वर्षांचा होता. सगळ्यांचं लक्ष अमेरिकेच्या जॉन थॉमसकडे होतं, कारण २.२२ चा जागतिक विक्रम त्याच्या नावावर होता. थॉमस २.१४ वर थांबला आणि तिसरा आला. ब्रुमेल आणि त्याच्याच संघातला जॉर्जियाचा रॉबर्ट शावलाकाद्झे, दोघांनीही २.१६ पार केली. शावलाकाद्झेने पहिल्या प्रयत्नात, ब्रुमेलने दुसऱ्या. ब्रुमेलला रौप्य! चार वर्षांनी टोकियोत ब्रुमेल आणि थॉमस दोघांचीही उंची २.१८, आणि या वेळी फुल्या कमी असल्यामुळे सुवर्ण ब्रुमेलला मिळालं. म्हणजे एकाच माणसाची दोन्ही ऑलिंपिक पदकं फुल्यांच्या हिशेबावर ठरली, एकदा विरुद्ध आणि एकदा बाजूने.

मधल्या काळात त्याने काय केलं ते बघ. जून १९६१ मध्ये मॉस्कोत २.२३. मग २.२४, सोफियाला २.२५, १९६२ मध्ये थेट थॉमसच्या देशात, पालो अल्टोला २.२६, मग २.२७, आणि जुलै १९६३ मध्ये मॉस्कोत २.२८. सहा जागतिक विक्रम, दरवेळी फक्त एक सेंटिमीटर. तो शेवटचा विक्रम १९७१ पर्यंत टिकला. आपल्या देवरगावच्या सर्वेश कुशारेने २०२५ च्या जागतिक स्पर्धेत सहावा क्रमांक मिळवला, तोही २.२८ वरच आणि टोकियोतच. पण सर्वेशखाली जाड फोमची गादी होती. ब्रुमेलच्या काळात बहुतेक ठिकाणी वाळू नाहीतर लाकडाचा भुसा असायचा.

म्हणूनच त्याची उडी वेगळी होती. तिला स्ट्रॅडल म्हणतात. धाव सरळ रेषेत आणि तिरकी, टेक-ऑफ बारजवळच्या पायावर, दुसरा पाय ताठ ठेवून जोरात वर फेकायचा आणि पोट बारकडे करून अंग गुंडाळत पलीकडे जायचं. उतरताना हात-पाय आधी टेकतात. तुझी उडी म्हणजे फ्लॉप, ती १९६८ मध्ये अमेरिकेच्या फॉसबरीने मेक्सिको ऑलिंपिकमध्ये गाजवली. त्यात बाहेरच्या पायावर उडायचं, पाठ बारकडे आणि उतरायचं खांद्या-पाठीवर. त्यामुळे सुट्टीत गावच्या शाळेत वाळूचा खड्डा दिसला तरी तिथे फ्लॉप मारायचा नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी. वाळूवर फक्त कात्री, म्हणजे एकामागून एक पाय बारवरून नेत पायांवरच उतरायचं.

शैली वेगळी असली तरी ब्रुमेलकडून घेण्यासारखं खूप आहे. त्याची धाव वेगवान होती, आणि तो वेग पेलायला पायात ताकद होती. प्रशिक्षक द्याचकोव यांच्या सरावात वजन उचलणं हा नेहमीचा भाग होता. तू स्क्वॉट्स चुकवतेस असं सरांकडून कळलं. मग शेवटच्या दोन पावलांत गुडघा दबतो आणि वेग वर न जाता पुढे वाहून जातो, याचं नवल वाटायला नको. शेवटून दुसरं पाऊल किंचित लांब, कंबर थोडी खाली, आणि शेवटचं पाऊल आखूड आणि झटपट. हे दबलेल्या गुडघ्यावर होत नाही.

आता १.४० ची फुली. व्हिडिओत बार तुझ्या मांडीला लागून पडला, तोही तू खाली येत असताना. याचा अर्थ तू लांबून उडालीस. सर्वांत उंच ठिकाण बारच्या अलीकडेच येऊन गेलं. वर जातानाच खांदा लागला असता तर जवळून उडालीस म्हटलं असतं. टाच लागली तर पाय उशिरा उचलले, म्हणजे हनुवटी छातीकडे घ्यायला उशीर झाला. पहिल्याच उडीला लांबून का? अंग थंड असतं, पावलं आखूड पडतात आणि नऊ पावलांत तू ठरलेल्या जागेपर्यंत पोहोचतच नाहीस. म्हणून वॉर्म-अपमध्ये नुसत्या उड्या नकोत, पूर्ण वेगाने दोन-तीन धावा हव्यात, वळणासकट. धाव सुरू करायची खूण पावलांनी मोजू नकोस, टेपने मोज आणि आकडा वहीत लिहून ठेव. मैदान बदललं की पायाखालचा पृष्ठभागही बदलतो, तेव्हा खूण तिथेच तपासून घ्यायची.

नाव पुकारल्यावर साधारण एक मिनिट मिळतं. तू दहा सेकंदांत धावत सुटतेस. आणि सुरुवातीची उंची आपण ठरवायची असते. त्या मुलीने १.४० सोडली आणि १.४५ पासून सुरुवात केली, म्हणून तिच्याकडे तिथे फुलीची शक्यताच नव्हती. तूही सोडावीस असं मात्र मी म्हणणार नाही. तुझी पहिली उडी अजून पक्की नाही, तोवर एक सोपी उंची हवीच. पण ती १.५५ मारायची असल्यासारखी मार.

टोकियोनंतर ब्रुमेलचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण तू मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसून मैदानावर जातेस. ऑक्टोबर १९६५ मध्ये तोही मोटारसायकलवर मागेच बसला होता. अपघातात पायाचा चुराडा झाला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, हाडात जंतुसंसर्ग झाला, पाय आखूड पडला. अखेर दूर कुर्गानमधल्या गाव्रिइल इलिझारोव या डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केले. त्यांची पद्धत अशी: पायाभोवती धातूच्या कड्या बसवायच्या, हाडातून ताणलेल्या तारा आरपार घालून त्या कड्यांना जोडायच्या, हाड कापायचं आणि दोन्ही टोकं दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, तीही चार हप्त्यांत, एकमेकांपासून दूर न्यायची. मधल्या फटीत नवीन हाड तयार होतं. पाय वाचला, ब्रुमेलने पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारली, पण २.२८ कधीच परत आली नाही. इलिझारोव यांचं नाव मात्र या रुग्णामुळे लांबवर पोहोचलं आणि त्यांची पद्धत आज आपल्याकडेही वापरतात.

तेव्हा हेल्मेट मागे बसणारीलाही लागतं. तुझं इथेच पडून आहे, आई कुरियरने पाठवते आहे. सोबत ३० मीटरची टेपही टाकली आहे. पुढच्या आठवड्यात धावेचा व्हिडिओ बाजूने काढ, बारच्या मागून नको, म्हणजे शेवटची दोन पावलं नीट दिसतील.

तुझे,
बाबा