पातालपाणीच्या गाडीविषयी सुहासला पत्र

नागपूर,
दि. १९ ऑगस्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

इंदूरजवळच्या पातालपाणीची घाटातली गाडी खरोखरच एवढी पाहण्यासारखी आहे का, असे तू परवा फोनवर विचारलेस आणि तेवढ्यात मुलांनी फोन हिसकावून घेतला. म्हणून आता सावकाश लिहितो. तुला मुद्दाम लिहिण्याचे कारणही आहे. अकोटला मामांकडे जाताना तू ज्या मीटरगेज (रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेल्या) गाडीने जायचास, ती अकोल्याहून मेळघाटातून खंडव्याला आणि पुढे महू, इंदूर, रतलामपर्यंत जात असे. त्या लांबलचक मार्गापैकी पातालपाणी ते कालाकुंड एवढाच साडेनऊ किलोमीटरचा तुकडा आज मीटरगेजवर चालू आहे.

नागपूरहून इंदूरला वंदे भारतने गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी महूला बाबासाहेबांच्या जन्मस्थळी गेलो, कारण दीक्षाभूमीच्या गावाहून एवढ्या लांब येऊन तिथे डोके न टेकवता पुढे जाणे आईला मान्यच झाले नसते. तिथून पातालपाणी अगदी जवळ आहे.

या रेल्वेची जन्मकथा तुला आवडेल. इंदूरपर्यंत रेल्वे यावी म्हणून महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, तेही साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. सावकार मराठी आणि ऋणको इंग्रज, हा उलटा व्यवहार मी मुलांना दोनदा समजावून सांगितला. त्यांचे लक्ष माकडांकडे होते, हा भाग वेगळा. १८७० च्या दशकात हा मार्ग पूर्ण झाला. त्या काळी विंध्याचा हा घाट उतरवणे किती अवघड गेले असेल, हे गाडीत बसल्यावरच कळते, कारण इथे दर चाळीस मीटरला एक मीटर असा उतार आहे आणि वाटेत बोगद्यांमागून बोगदे येतात.

पातालपाणीला गाडी सुटण्यापूर्वी इंग्रजांशी लढलेल्या तंट्या भिल्लाच्या, म्हणजे इकडच्या तंट्या मामाच्या, देवळाकडे पाहून अनेकांनी हात जोडले. इंग्रजांनी त्याला १८८९ मध्ये जबलपूरला फाशी दिले आणि त्याचा देह इथे आणून टाकला, असे इकडचे लोक सांगतात. त्याला मानवंदना दिल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. रेल्वेची माणसे म्हणतात की घाट उतरण्याआधी ब्रेक तपासावे लागतात म्हणून गाडी थांबते. आईने दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि हात जोडले.

जाताना आम्ही विस्टाडोम डब्यात बसलो होतो आणि येताना साध्या डब्यात. विस्टाडोमच्या काचा मोठ्या आहेत, डबा वातानुकूलित आहे, खुर्च्या उत्तम आहेत. पण पाऊस सुरू झाला की काचेवरून पाणी ओघळते आणि बाहेरचे रान नुसते हिरवे पुसट दिसते. परतीच्या वेळी साध्या डब्यातील खिडकी वर सरकवून, गजांना गाल टेकवून माझी मुलगी बसली आणि तिला पहिल्यांदा इंजिनाच्या धुराचा, ओल्या मातीचा आणि ओल्या लोखंडाचा वास एकत्र आला. सागाला पांढुरके तुरे आले होते आणि काही फांद्या रुळाच्या इतक्या जवळ होत्या की पानांवरचे पाणी थेट तिच्या बाहीवर उडत होते. वळणावर पुढचे डिझेल इंजिन पूर्ण दिसले की सगळा डबा त्या बाजूला झुकायचा, आणि बोगदा आला की लहानथोर सगळेच ओरडायचे. आईसुद्धा ओरडली, नंतर मात्र ते तिने साफ नाकारले.

धबधब्यासमोर गाडी थोडा वेळ उभी राहते. चोरल नदी तिथे सुमारे तीनशे फूट खाली कोसळते आणि पावसाळ्यात तिच्या आवाजात शेजारच्या माणसाशीही मोठ्याने बोलावे लागते. कालाकुंड हे अगदी लहानसे स्टेशन आहे. तिथला कलाकंद पानात बांधून मिळतो, आणि तो ताजा असताना आपल्या संत्रा बर्फीला विसरायला लावतो, हे नागपूरकर असूनही मला लिहावे लागत आहे. सौ. ने बरोबर आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या तिथल्या बाकावरच संपल्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा तुकडा कोणाच्या हौसेने नव्हे, तर घाटाच्या चढामुळे वाचला. एवढ्या चढावरून ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळमार्ग, नेणे परवडणारे नव्हते, म्हणून नवा मार्ग वळसा घालून आखला गेला, जुना रूळ मोकळा राहिला आणि २०१८ च्या डिसेंबरपासून त्यावर हेरिटेज गाडी धावू लागली. आपल्या नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजला, म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या गाडीला, असे नशीब लाभले नाही. २०१५ मध्ये ती बंद झाली आणि ब्रॉडगेज आली. छिंदवाड्याच्या लोकांना वेगाची गाडी हवी होती आणि ती त्यांना मिळाली, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र सातपुड्यातील घाटाचा एखादा टप्पा राखता आला असता, असे मला कालाकुंडहून परतताना सारखे वाटत राहिले. आमच्या मुलांच्या वाट्याला नागपुरातल्या मोतीबागेच्या रेल्वे संग्रहालयातली इंजिनेच काय ती आली.

तू लगेच म्हणशील की मग तुझ्या अकोला-खंडवा मार्गावरच्या धूळघाटच्या त्या वळशावर, जिथे रूळ चढता चढता स्वतःलाच ओलांडून जातो, तिथेही अशीच गाडी सुरू करावी. इथे माझे मत तुझ्याविरुद्ध आहे. तिथला ब्रॉडगेजचा नवा मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून नेण्याचे ठरले ते वाघासाठी, आणि मग त्याच जंगलात शनिवार-रविवारी ओरडणाऱ्या आमच्यासारख्यांना भरून नेणे मला पटत नाही. पातालपाणीचे रान व्याघ्र प्रकल्पात नाही, हा मोठा फरक आहे. यावर तू भांडणार, हे मी गृहीत धरले आहे. सविस्तर भांडण पत्रानेच कर.

यायचे असेल तर पावसाळ्यातच ये. गाडी शनिवार-रविवारी असते. निघण्यापूर्वी वेळापत्रक एकदा पाहून घे आणि आरक्षण आधीच कर, कारण इंदूरची मंडळी या गाडीवर तुटून पडतात. परतीचे तिकीट साध्या डब्याचेच काढ. माकडांपासून पिशव्या सांभाळ. आमच्या पुऱ्या वाचल्या, पण शेजारच्या कुटुंबाची केळी गेली.

वहिनींना आणि काकूंना आमचा नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मुकुंद