परदेशी स्वयंसेवेची तयारी सातपुड्यात व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशात जाऊन एखाद्या संस्थेमार्फत मुलांच्या शिक्षणासाठी वर्ष-दोन वर्षे पूर्ण वेळ काम करण्याची इच्छा आपल्या नंदुरबार भागातील डी.एड., बी.एड. किंवा समाजकार्य शिकलेले काही तरुण-तरुणी आता बोलून दाखवतात. त्यांना घरातून मिळणारे उत्तर बहुधा ठरलेले असते: धडगाव-अक्कलकुव्यातल्या मुलांना अजून धड वाचता येत नाही, मग नेपाळला आणि आफ्रिकेला कशाला जायचे? प्रश्न रास्त आहे. मात्र तो जाणाऱ्याची वाट अडवण्यासाठी विचारला जातो याचे मला वाईट वाटते, कारण त्याच प्रश्नात जाणाऱ्याच्या तयारीचा खरा मार्ग दडलेला आहे, असे सातपुड्याच्या पायथ्याशी नोकरी केलेली एक शिक्षिका म्हणून माझे ठाम मत आहे.

आमच्याकडे पहिलीत येणारे मूल घरी पावरी किंवा भिली बोलते आणि त्याच्या हातात पुस्तक पडते ते प्रमाण मराठीचे. समजले का, असे विचारल्यावर ते मान डोलावते. समजलेले काहीच नसते. त्यातून जरा वाचायला लागले, तर दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर ऊसतोडीला जाते आणि परत येते तेव्हा वर्ग कितीतरी पुढे गेलेला असतो. नर्मदा बचाओ आंदोलनाने नर्मदाकाठी चालवलेल्या जीवनशाळांनी गावातल्याच तरुणांना शिक्षक केले आणि मुलांच्या बोलीपासून सुरुवात केली, त्यामागचे कारण हेच होते.

आफ्रिकेतल्या झांबियातही घरची भाषा आणि शाळेची भाषा यांचा असाच पेच आहे. तेथे प्राथमिक शिक्षणासाठी बेम्बा, न्यांजा, टोंगा अशा सात प्रादेशिक भाषा मान्य झाल्या, तरी मूल घरी आणखी वेगळीच बोली बोलत असू शकते. १९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या 'प्रथम' संस्थेने मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न पाडता, कोणाला अक्षर येते, कोणाला शब्द आणि कोणाला परिच्छेद, हे पाहून पाडण्याची पद्धत घडवली आणि तीच पद्धत पुढे झांबियातील सरकारी शाळांत गेली. तेथे वर्ग घेतात ते तिथले शिक्षक, आणि वाचन शिकवले जाते तिथल्या भाषेत. बाहेरून आलेल्या माणसाचे काम शिक्षकांना तयार करणे आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणे एवढेच असते. हे काम पंधरा दिवसांत होत नाही. स्थानिक भाषा कामापुरती कानावर रुळायलाच काही महिने जातात. म्हणूनच पूर्ण वेळ आणि दीर्घ मुदत यांचा मी आग्रह धरते.

संस्था निवडताना डोळे उघडे ठेवावेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली स्थापन केलेला स्वयंसेवक कार्यक्रम किंवा ब्रिटनमध्ये १९५८ साली सुरू झालेली व्हीएसओ (व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज) ही संस्था यांसारख्या ठिकाणी निवड झालेल्याला निर्वाहभत्ता दिला जातो. याउलट सहभाग शुल्क म्हणून मोठी रक्कम घेऊन काही आठवडे मुलांना इंग्रजी शिकवण्याचे आमिष दाखवणाऱ्या मध्यस्थांच्या जाहिराती मोबाइलवर रोज येतात. अशा ठिकाणी शेत गहाण ठेवून पैसे भरू नयेत, अशी माझी पालकांना हात जोडून विनंती आहे.

विशेषतः अनाथालयांतल्या 'सेवे'पासून दूर राहावे. नेपाळ आणि कंबोडियात अशा अनेक आश्रमांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले आहे. परदेशी पाहुण्यांचा पैसा येतो म्हणून मुले घरापासून तोडून आणली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या बालहक्कविषयक ठरावात या स्वयंसेवेतून होणारी हानी रोखण्याचे आवाहन केले आहे. जी संस्था आपल्याकडे पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र मागत नाही, मुलांशी वागण्याचे लेखी नियम पुढे ठेवत नाही आणि पहिल्याच दिवशी अनोळखी माणसाला मुलांच्या खोलीत सोडते, तिच्याकडे आपल्या मुलीला किंवा मुलाला पाठवू नये. आपल्या गावच्या शाळेत असा कोणी परका शिरला असता तर आपण खपवून घेतले असते का?

करार, विमा, व्हिसाचा प्रकार, पीतज्वराची (यलो फीव्हर) लस या गोष्टी संस्थेकडून लेखी समजून घ्याव्यात. लसीचे प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनंतरच ग्राह्य होते, हे ऐनवेळी धावपळ करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत अशा इच्छुकांसाठी मार्गदर्शनाची सोय करावी आणि परदेशी अर्ज करण्यापूर्वी त्यांना तोरणमाळ, मोलगी परिसरातील शाळांत एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, निदान एक सत्र तरी, शिक्षकाच्या हाताखाली काम करता येईल अशी व्यवस्था जिल्हा परिषदेच्या सहकार्याने लावावी, अशी माझी सूचना आहे. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांना पुन्हा वाचायला लावण्यासाठी त्या शाळांना जादा हात हवेच आहेत, आणि पुढे झांबियातल्या लुसाकाला किंवा काठमांडूला जाणाऱ्याला यापेक्षा चांगले प्रशिक्षण कोणतीही संस्था देऊ शकणार नाही. आपल्या वृत्तपत्राने हा विषय संबंधितांपर्यंत पोहोचवावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
शहादा, जि. नंदुरबार