शाळेतल्या कॅमेऱ्यांना वीज कशी मिळणार तेही टेंडरमध्ये लिहा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : शाळांच्या सीसीटीव्हीसाठी पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा डबा), अस्सल तांब्याची केबल आणि बॅटरी बॅकअप सक्तीचा करण्याबाबत

साहेब, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं करतो, त्यात शाळा बऱ्याच आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले, त्यानंतर शाळांमध्ये कॅमेरे सक्तीचे करणारा जीआर निघाला, तो योग्यच होता, माझ्या मुलीही शाळेत जातात त्यामुळे मला तर तो खूप आधी यायला हवा होता असं वाटतं. आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासायचं कामही मुख्याध्यापकांना नेमून दिलंय. पण कॅमेरा चालू असेल तर फुटेज ना साहेब. मला शाळांमधून जे फोन येतात, "सर कॅमेरा दिसत नाहीये" म्हणून, त्यातले बहुतेक विजेचेच निघतात, कॅमेराच खराब आहे असं क्वचित होतं.

तुम्ही कधी शाळेत गेलात तर व्हरांड्यात कॅमेऱ्याच्या खाली बघा. बऱ्याच ठिकाणी एक एक्स्टेंशन पट्टी खिळ्याला अडकवलेली असते, तिच्यात 12 व्होल्टचा काळा अडॅप्टर, त्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेला, आणि पाऊस तिरका आला की ते सगळं भिजतं. त्या पट्टीत 230 व्होल्ट असतात आणि खालून पोरं धावत असतात. कुणी मोबाईल चार्जिंगला लावायला अडॅप्टर काढतं आणि परत लावायचं विसरतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे संध्याकाळी शाळा सुटली की शिपाईमामा मेन स्विच पाडून घरी जातात, त्यांचं काही चुकत नाही, वर्षानुवर्षं तेच सांगितलंय, बिल वाचतं आणि शॉर्टसर्किटची भीती राहत नाही. पण त्या क्षणापासून सकाळपर्यंत शाळेतला एकही कॅमेरा चालू नसतो. चोरी होते रात्री, कुणी भिंतीवरून उडी मारून येतं ते रात्री, आणि आपलं रेकॉर्डिंग संध्याकाळीच थांबलेलं असतं.

याच्यावर उपाय गेली वीस-बावीस वर्षं बाजारात आहे. पॉवर ओव्हर इथरनेट, आम्ही पीओई म्हणतो. ज्या नेटवर्क केबलमधून कॅमेऱ्याचं चित्र येतं त्याच केबलमधून त्याला वीज पाठवायची. याचं पहिलं स्टँडर्ड 2003 मध्ये आलं, 802.3एएफ, त्यात स्विचच्या, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथे येऊन लागतात त्या डब्याच्या, एका पोर्टमधून 15.4 वॅट निघतात आणि कॅमेऱ्यापर्यंत 12.95 वॅट पोचायची हमी असते. 2009 मध्ये ते 30 वॅटवर गेलं (802.3एटी), 2018 मध्ये 90 वर. शाळेतल्या साध्या कॅमेऱ्याला 2003 चंच पुरतं, त्यामुळे हे नवीन आहे, आपल्याकडे चालेल की नाही बघू, असं कुणी अधिकारी सांगत असेल तर ते धरू नका.

यात वीज साधारण 48 व्होल्टने जाते, आणि त्याचा हिशोब सोपा आहे. 12 वॅटचा कॅमेरा 12 व्होल्टवर चालवला तर 1 अँपिअर करंट लागतो. 50 मीटर लांब नेटवर्क केबलच्या एका जोडीतून तेवढा करंट पाठवायचा म्हटलं तर 8-9 व्होल्ट वाटेतच जातात, कॅमेऱ्याला उरतं काय. तोच कॅमेरा 48 व्होल्टवर पाव अँपिअर घेतो, मग त्याच तारेत होणारं नुकसान सोळा पटीने कमी होतं. म्हणूनच लांबच्या कोपऱ्यातला, संडासाकडे जाणाऱ्या वाटेवरचा कॅमेरा पीओईवर व्यवस्थित चालतो आणि अडॅप्टरवाल्यांना तिथे पट्टी न्यावीच लागते. शिवाय स्टँडर्ड पीओई स्विच आधी थोडं व्होल्टेज सोडून समोर कोण आहे ते तपासतो, समोरच्या डिव्हाइसमध्ये 25 किलोओहम रेझिस्टन्सची खूण सापडली तरच पूर्ण वीज सोडतो, उद्या कुणी चुकून तीच केबल शाळेच्या कॉम्प्युटरला लावली तरी काही जळत नाही. बाजारात पॅसिव्ह पीओई नावाचा स्वस्त प्रकारही मिळतो, तो काही न विचारता वीज ढकलतो. तो शाळेत नको.

आणि बॅकअप. सगळे कॅमेरे एका स्विचवर आले की फक्त त्या स्विचला आणि एनव्हीआरला (रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) बॅटरीवर ठेवायचं. आठ कॅमेरे, स्विच, एनव्हीआर मिळून धरा 100 वॅट. घरात इन्व्हर्टरला जी 150 एएचची बॅटरी असते ती चांगली असेल तर एवढ्या लोडवर आठ-दहा तास सहज काढते. शिपाईमामांनी बाकी सगळं बंद करून जावं, ऑफिसमधल्या रॅकची एक लाईन तेवढी वेगळ्या एमसीबीवर चालू राहू द्यावी.

आता खरी अडचण सांगतो. टेंडरमध्ये काय लिहिलेलं असतं? कॅमेरे इतके नग, इतके मेगापिक्सेल, हार्डडिस्क इतकी. केबलच्या ओळीत "कॅट-6 केबल, आवश्यकतेनुसार", आणि स्विच असलाच तर "8 पोर्ट पीओई स्विच". एवढ्यावरच भाव लावायचे. मग जो सगळ्यात कमी लावतो त्याने कुठे कापलेलं असतं? या दोन ओळींत.

स्विचचं असं आहे की 8 पोर्ट लिहिलंय म्हणून आठही पोर्टना पूर्ण वीज मिळते असं नाही, स्विच सगळे पोर्ट मिळून किती वॅट देऊ शकतो ते त्याचं एकूण बजेट वेगळं असतं. स्वस्त स्विचचं बजेट 60-65 वॅटच असतं. दिवसा एक कॅमेरा 4-5 वॅट घेतो तेव्हा सगळं छान, हँडओव्हरच्या दिवशी दुपारी बारा वाजता टीव्हीवर आठही चौकोन दिसतात, हेडमास्तर सही करतात. अंधार पडला की इन्फ्रारेड लाईट लागते, तोच कॅमेरा 8-10 वॅटवर जातो, स्विचचं बजेट संपतं आणि तो स्वतःच दोन-तीन पोर्ट बंद करतो. सकाळी उजाडलं की परत चालू. मी एका शाळेत गेलो तर त्यांचे मागच्या बाजूचे दोन कॅमेरे रोज रात्री जात होते आणि कुणाला पत्ताच नव्हता, कारण फुटेज बघताना कायम शाळेच्या वेळेतलंच बघितलं जायचं.

केबलचं तर त्याहून वाईट. सीसीए नावाची केबल येते, आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. खोक्यावर मोठ्या अक्षरात कॅट-6च छापलेलं असतं, पण कॅट-6चं स्टँडर्ड तांबंच मागतं, त्यामुळे ते छापणंच खोटं आहे. हिची रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण दीडपट, म्हणजे वीज वाटेत जास्त जाते, केबल गरम होते, एकत्र बांधलेल्या जुडग्यात तर जास्तच. कनेक्टर मारलेल्या जागी तार कडक होऊन तुटते. पहिलं वर्ष निघतं, मग एकेक कॅमेरा लपंडाव खेळायला लागतो आणि तोवर ठेकेदाराची वॉरंटी संपलेली असते. ओळखायला ब्लेडने तार खरवडली की आत पांढरं दिसतं. त्याहून पक्कं म्हणजे 305 मीटरचं बंडल उघडून दोन्ही टोकं काढायची आणि एका तारेची रेझिस्टन्स मल्टीमीटरवर बघायची. स्टँडर्डप्रमाणे 28-29 ओहमच्या आत यायला पाहिजे, सीसीए त्याच्या वर जाते. पाच मिनिटांचं काम आहे, तालुक्याच्या आयटीआयमधला इलेक्ट्रिशियनचा पोरगा करून देईल.

कॅमेऱ्यातून डेटा बाहेर जाऊ नये म्हणून केंद्राने एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची सुरक्षा तपासणी सक्तीची केली, चांगलं झालं. तशीच काळजी कॅमेऱ्याच्या विजेची घ्या एवढंच मागतोय. टेंडरच्या नमुन्यात लिहा की केबल अस्सल तांब्याचीच, आणि बसवायच्या आधी बंडल मल्टीमीटरने तपासून आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. पीओई स्विच 802.3एएफ किंवा एटी, आणि त्याचं एकूण बजेट सगळ्या कॅमेऱ्यांच्या रात्रीच्या वॅटच्या बेरजेपेक्षा निदान पाव पट जास्त. स्विच आणि एनव्हीआरला बॅटरी. दोन इमारतींच्या मध्ये उघड्यावरून तांब्याची केबल न्यायची नाही, तिथे फायबर, कारण वळवाच्या पावसात जवळपास कुठे वीज पडली की त्या केबलमधून आख्खा स्विच जातो, दरवर्षी मे-जूनमध्ये माझ्याकडे जळके पोर्ट येतातच. केबल 100 मीटरच्या वर ओढायची नाही हेही टाका.

आणि हँडओव्हर रात्री घ्या. अंधार पडल्यावर मेन स्विच पाडायचा, अर्धा तास थांबायचं, सगळे कॅमेरे रेकॉर्ड करतायत का ते मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालकाने बघायचं, तरच बिल. ही एक अट घातली तरी कमी वॅट-बजेटचा स्विच आणि बॅटरीशिवायचं काम आपोआप बाहेर पडेल, कारण ते या अर्ध्या तासात टिकणारच नाही.

खर्च वाढेल, ते लपवत नाही. तांब्याची केबल आणि चांगला स्विच महाग पडतो. पण प्रत्येक कॅमेऱ्याजवळ वेगळा लाईट पॉइंट काढायचा, त्याची वायर, पट्टी, दर सहा-आठ महिन्यांनी जळणारे अडॅप्टर हे सगळं वाचतं, वायरमनची मजुरी वाचते. आठ कॅमेऱ्यांच्या जागी सहाच बसले तरी चालतील, पण ते सहा रात्री चालू पाहिजेत.

ज्या शाळांत कॅमेरे आधीच बसलेत तिथे उखडायची गरज नाही. नेटवर्क कॅमेरे असतील आणि केबल तांब्याची असेल तर नुसता स्विच बदलून काम होतं, कॅमेरा पीओईवाला नसेल तर त्याच्याजवळ एक छोटा स्प्लिटर लावला की तो 48 चे 12 व्होल्ट करून देतो. जुने डीव्हीआरवाले ॲनालॉग कॅमेरे असतील तर तिथे पीओई चालणार नाही, पण त्यांचा 12 व्होल्टचा सप्लाय व्हरांड्यातून काढून ऑफिसमध्ये एका जागी आणून बॅटरीवर टाकता येतो. पहिला टप्पा म्हणून मुलींच्या शाळा आणि निवासी आश्रमशाळा घ्या. बऱ्याच आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे येतात याची मला कल्पना आहे, तरी तुम्ही त्या खात्याच्या मंत्र्यांशी बोलावं, कारण तिथे पोरं रात्रीही आवारातच असतात.

आपला,
सीसीटीव्ही-नेटवर्किंगचं काम करणारा एक पालक
जि. सांगली