संशोधनात मुली किती होत्या, हेही छापावे

महोदय,

स्वमग्नतेविषयीच्या (ऑटिझमविषयीच्या) विज्ञानवृत्तांत दोन विधाने बहुधा जोडीने वाचायला मिळतात. पहिले असे की स्वमग्नता मुलग्यांमध्ये मुलींच्या चौपट आढळते. दुसरे असे की स्वमग्न व्यक्तीचा मेंदू हा ‘टोकाचा पुरुषी मेंदू’ असतो. पहिले विधान निदानांच्या मोजणीचे आहे आणि दुसरे एका सिद्धान्ताचे. परंतु ती इतक्या सराईतपणे एकामागून एक येतात की दुसरे पहिल्यातूनच सिद्ध होते, असा वाचकाचा समज व्हावा. अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवल्यामुळे कोणताही निष्कर्ष वाचण्याआधी त्याचा नमुना पाहण्याची खोड मला लागली आहे आणि या विषयावरील मूळ शोधनिबंध चाळताना जे वारंवार दिसले ते वृत्तपत्रांत जवळजवळ कधीच उतरत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. स्वमग्न बालकांच्या मेंदूविषयी जे आपल्याला ठाऊक आहे असे आपण मानतो, त्याचा मोठा भाग केवळ मुलग्यांच्या मेंदूविषयीचा आहे.

याची सुरुवात जुनी आहे. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ स्वमग्न मुलांची वर्णने प्रसिद्ध केली त्यांत ८ मुलगे होते. पुढच्याच वर्षी व्हिएन्नामध्ये बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी अशाच चार मुलग्यांचे वर्णन केले आणि ही मनोवृत्ती म्हणजे पुरुषी बुद्धिमत्तेचे टोकाचे रूप आहे, असे मतही नोंदवले. या दोघांच्याही आधी, १९२० च्या दशकात, सोव्हिएत बालमनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलग्यांवरील निरीक्षणांनंतर मुलींवर स्वतंत्र लेख लिहून दोहोंतील फरक मांडला होता. त्या लेखाकडे इंग्रजीत लिहिणाऱ्या संशोधकांचे लक्ष जायला जवळपास शतक लागले. अ‍ॅस्पर्गर यांचे मत मात्र टिकले.

आता चौपटीचे पाहू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१७ मध्ये ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा आधीच झालेली निदाने मोजणाऱ्या अभ्यासांत एका मुलीमागे साडेचारांहून थोडे अधिक मुलगे आढळले. परंतु ज्या अभ्यासांत संशोधकांनी निदान झालेले असो वा नसो, समाजातील मुलांची स्वतः तपासणी करून स्वमग्नता शोधली, तिथे हे प्रमाण एकास सुमारे सव्वातीन इतके खाली आले. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे स्वमग्न असूनही निदानापर्यंत न पोहोचलेल्या मुली होत. त्यामागची काही कारणे आता बरीच अभ्यासली गेली आहेत: मुलींच्या ठरावीक विषयांच्या नादाला छंद समजले जाते, त्यांच्या अबोलपणाला स्वभाव समजले जाते आणि अनेक मुली इतरांचे हावभाव व बोलण्याच्या लकबी पाठ करून आपली अडचण झाकायला शिकतात. या झाकण्याचे मोल पुढे चिंता आणि नैराश्याच्या रूपाने चुकवावे लागते, असे प्रौढ स्वमग्न स्त्रिया सातत्याने सांगत आल्या आहेत.

मला याहूनही गंभीर वाटते ती गोष्ट संशोधनाच्या दाराशी घडते. अभ्यासात घेण्यापूर्वी, आधी निदान झालेल्या व्यक्तीचीही ‘एडॉस’ नावाच्या निरीक्षण-चाचणीने पुन्हा खातरजमा करण्याची पद्धत आहे. ही चाचणी ज्या नमुन्यांवरून घडवली गेली त्यांत मुलग्यांचे प्राबल्य होते. एमआयटीतील संशोधकांनी २०२२ मध्ये आपल्याच नोंदी तपासल्या, तेव्हा या खातरजमेत स्वमग्न स्त्रिया पुरुषांच्या तुलनेत अडीचपटीहून अधिक दराने वगळल्या जात असल्याचे त्यांना दिसले. म्हणजे चाळणीतून ज्या मुली आत येतात त्या बऱ्याच अंशी मुलग्यांसारखी लक्षणे दाखवणाऱ्याच असतात. मग त्या मुलींची तुलना मुलग्यांशी केली की फरक फारसा निघत नाही. आणि फरक नाही म्हटल्यावर पुढच्या अभ्यासासाठी मुलगेच पुरेसे आहेत, असे मानायला मोकळीक मिळते. यात कुणाचा दुष्ट हेतू शोधण्याची गरज नाही. थोड्या मुली घेतल्या तर त्यांच्यापुरता निष्कर्ष काढता येत नाही आणि त्यांना मुलग्यांत मिसळले तर आकड्यांचा पसारा वाढतो, तेव्हा त्यांना गाळणे हा प्रत्येक संशोधकाला स्वतंत्रपणे शहाणपणाचा वाटणारा निर्णय असतो.

तरीही सगळा फरक निदानाच्या चुकीतून आला आहे, असे म्हणणेही मला घाईचे वाटते. सव्वातीन हा आकडा एकपासून बराच दूर आहे. मुलींना काही जैविक संरक्षण असावे, या गृहीतकाला जनुकशास्त्रातून आधार मिळतो. न्यूरोविकासाच्या विकारांच्या २०१४ मधील एका मोठ्या अभ्यासात बाधित मुलींच्या जनुकसंचात बाधित मुलग्यांपेक्षा अधिक हानिकारक बदल आढळले. म्हणजे तेवढीच लक्षणे दिसण्यासाठी मुलींमध्ये जनुकीय भार अधिक लागतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. स्वमग्न मुलांच्या धाकट्या भावंडांचा माग ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेली माहितीही याच दिशेची आहे: थोरले स्वमग्न मूल मुलगा असेल तर धाकट्या भावंडांपैकी २२.५ टक्के आणि ती मुलगी असेल तर ३४.७ टक्के भावंडे स्वमग्न निघाली. मुलीला स्वमग्न होण्यासाठी अधिक भार लागत असेल, तर तिच्या घराण्यात तो भार अधिक असणार, हे तर्काला धरून आहे. पण लक्षणे अतिशय ठळक असल्याशिवाय मुलींचे निदानच होत नसेल, तरी हेच दोन्ही आकडे असेच दिसतील! संरक्षण आणि दुर्लक्ष या दोन कारणांना एकमेकांपासून वेगळे काढणे हे या क्षेत्रातील सर्वांत अवघड काम आहे आणि बातम्यांत त्यातले एकच कारण येते.

‘टोकाच्या पुरुषी मेंदू’चा सिद्धान्त केंब्रिजचे सायमन बॅरन-कोहेन यांनी मांडला. नियम व रचना शोधण्याकडे कल अधिक आणि दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेण्याकडे कमी, ही पुरुषांत सरासरीने अधिक आढळणारी ठेवण स्वमग्नतेत टोकाला जाते आणि तिचे मूळ गर्भावस्थेतील टेस्टोस्टेरॉन या पुरुषसंप्रेरकामध्ये असावे, असे तो थोडक्यात सांगतो. सिद्धान्त तपासण्याजोगा आहे, ही त्याची खरी जमेची बाजू आणि तो तपासलाही गेला आहे. डेन्मार्कमध्ये साठवून ठेवलेल्या गर्भजलाच्या नमुन्यांवरील २०१५ च्या अभ्यासात, पुढे स्वमग्न ठरलेल्या मुलांच्या गर्भजलात टेस्टोस्टेरॉनसह अनेक स्टेरॉइड संप्रेरकांचे सरासरी प्रमाण अधिक आढळले. ही बातमी जगभर गाजली. मात्र त्या विश्लेषणातील सर्व मुले मुलगे होती, हे किती वाचकांना कळले? त्याच गटाच्या २०२० मधील अभ्यासात इस्ट्रोजेनचे, म्हणजे ज्याला आपण सर्रास स्त्रीसंप्रेरक म्हणतो त्याचे, प्रमाणही वाढलेले निघाले आणि काही बाबतींत तो संबंध टेस्टोस्टेरॉनपेक्षा अधिक ठळक होता. तोही अभ्यास मुलग्यांचाच. शरीरात टेस्टोस्टेरॉनपासूनच एस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन तयार होते, त्यामुळे यात विसंगती नाही. पण ‘पुरुषी’ या विशेषणाने हे सारे किती सोपे करून टाकले जाते, ते यावरून दिसावे.

या सिद्धान्ताची थेट परीक्षा मुलींवरच होऊ शकते, हे मला विशेष वाटते. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीच्या एका जन्मजात विकारात मुलींचा मेंदू गर्भातच नेहमीपेक्षा कितीतरी अधिक अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या, संप्रेरकांच्या सान्निध्यात वाढतो. सिद्धान्त सरळ असता तर या मुलींमध्ये स्वमग्नतेची लक्षणे स्पष्टपणे वाढलेली दिसायला हवी होती. केंब्रिजमधूनच २००६ मध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात अशी थोडी वाढ दिसली, पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती दिसली नाही. दुसरीकडे, प्रयोगशाळेत मूळ पेशींपासून वाढवलेल्या मानवी मेंदूच्या सूक्ष्म प्रतिकृतींवर २०२२ मध्ये प्रयोग झाले, तेव्हा अँड्रोजेनमुळे बाह्यकातील, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातील, चेतापेशी निर्माण करणाऱ्या पूर्वज पेशींची संख्या वाढल्याचे आढळले. म्हणजे संप्रेरके लवकरच्या मेंदूविकासावर परिणाम करतात, याला पुरावा आहे; त्या परिणामाचे टोक म्हणजेच स्वमग्नता, याला नाही. शिवाय ‘पुरुषी मेंदू’ असा काही एकसंध पदार्थ असतो का, हाच प्रश्न आहे. इस्रायलमधील मेंदूसंशोधक डॅफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १,४०० हून अधिक मेंदूंची चित्रे तपासली, तेव्हा बहुतेक मेंदूंत पुरुषांत अधिक आढळणारी आणि स्त्रियांत अधिक आढळणारी वैशिष्ट्ये एकत्रच नांदताना दिसली. जाता जाता एक खुलासा, कारण अशा बातम्यांनी गर्भवती स्त्रिया धास्तावतात: मुलगा असलेल्या गर्भात टेस्टोस्टेरॉन मुख्यतः गर्भाच्याच वृषणांत साधारण आठव्या आठवड्यापासून तयार होऊ लागते. आईच्या वागण्याला दोष देण्याची विसाव्या शतकातली चूक आता संप्रेरकांच्या नावाने पुन्हा होऊ नये.

मेंदूच्या वाढीच्या संशोधनाकडे वळल्यास तीच कथा अधिक ठळक होते. स्वमग्न बालकांच्या मेंदूच्या पुढील भागात ६७ टक्के अधिक चेतापेशी असतात, हा अमेरिकी मेंदूसंशोधक एरिक कुर्शेन यांच्या गटाचा २०११ चा निष्कर्ष आजही छापला जातो. चेतापेशी प्रामुख्याने गर्भावस्थेतच निर्माण होत असल्याने स्वमग्नतेची सुरुवात जन्मापूर्वी होते, असे त्यातून सुचले आणि ते महत्त्वाचे होते. परंतु तो निष्कर्ष मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंवरचा होता. सात स्वमग्न मुलगे आणि तुलनेसाठी सहा इतर मुलगे, एवढाच नमुना. अशा ऊती मिळणेच दुर्मीळ असते, म्हणून संशोधकांना बोल लावता येणार नाही. पण मुलगी एकही नाही, हे ६७ टक्क्यांशेजारी छापायला एका ओळीहून अधिक जागा लागत नाही.

पुढे स्वमग्न ठरणाऱ्या तान्ह्या बाळांचे समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहणे दुसऱ्या ते सहाव्या महिन्यांदरम्यान कमी होत जाते, हे २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेले निरीक्षणही असेच. पुढे निदान झालेल्या बाळांत ११ मुलगे आणि २ मुली होत्या. मुली इतक्या थोड्या म्हणून विश्लेषण मुलग्यांपुरते केले गेले आणि निबंधात तसे स्पष्ट लिहिलेही आहे. बातमीत मात्र ‘बाळे’ राहिली.

याच नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात थोरले भावंड स्वमग्न असलेल्या १०६ बाळांच्या मेंदूची चित्रे घेण्यात आली. पुढे स्वमग्न ठरलेल्या १५ बाळांमध्ये सहा ते बारा महिन्यांच्या काळात मेंदूच्या बाह्यकाचे क्षेत्रफळ अधिक वेगाने वाढले आणि मेंदूचे एकूण आकारमान त्यानंतर, दुसऱ्या वर्षात वाढले. हा क्रम कळणे हे मोठेच काम आहे. मात्र गाजले ते संगणकाने केलेले भाकीत: ज्यांना ते स्वमग्न म्हणेल त्यांपैकी ८१ टक्के खरोखर तसे निघाले. हे ८१ टक्के ज्या घरांत पाचांतील एखादे भावंड स्वमग्न निघते अशा घरांपुरतेच आहेत. संवेदनशीलता (स्वमग्न बाळांपैकी बरोबर ओळखली जाणारी) ८८ टक्के आणि विशिष्टता (स्वमग्न नसलेल्यांपैकी बरोबर वगळली जाणारी) ९५ टक्के धरून तीच चाचणी सरसकट १०,००० बाळांना लावली आणि त्यांत १०० स्वमग्न आहेत असे मानले, तर ८८ बरोबर सापडतील, पण स्वमग्न नसलेल्या ९,९०० पैकी ४९५ बाळांवरही तोच शिक्का बसेल. म्हणजे शिक्का बसलेल्यांपैकी जेमतेम १५ टक्के खरे. आणि मुलींच्या मेंदूच्या वाढीचा क्रम वेगळा असेल, तर त्यांच्यासाठी हे गणितही निराळे मांडावे लागेल.

तो वेगळा असू शकतो, असे आता दिसू लागले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील माइंड संस्थेने पुरेशा मुली मुद्दाम मिळवून दोन ते तेरा वर्षांच्या मुलांच्या बाह्यकाची जाडी वर्षानुवर्षे मोजली. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास स्वमग्न मुलींचा बाह्यक इतर मुलींपेक्षा जाड होता आणि पुढे तो अधिक वेगाने पातळ होत गेला. मुलग्यांमध्ये हा फरक तसा आढळला नाही. त्या अभ्यासात मुली आणि मुलगे एकत्र मिसळले असते, तर मुलींचा हा आलेख मुलग्यांच्या संख्येखाली दिसेनासा झाला असता.

यास्तव आपणास विनंती एवढीच की स्वमग्नतेवरील संशोधनाची बातमी देताना नमुन्यात मुलगे किती व मुली किती, हे आकडे त्याच बातमीत द्यावेत; विश्लेषण केवळ मुलग्यांचे असेल तर मथळ्यात ‘बालके’ न म्हणता ‘मुलगे’ म्हणावे; आणि लहान वयातच निदान करणाऱ्या चाचणीचा दावा आला, तर ती कोणत्या घरांतील बाळांवर तपासली होती, हे नोंदवावे. बहुतेक शोधनिबंधांत ही माहिती कार्यपद्धतीच्या विभागात आधीच छापलेली असते, त्यामुळे ती मिळवायला वेगळी खटपट पडणार नाही.

आपली,
एक वाचक