ससून डॉकच्या मावशी, माझा मकर तुमच्यामुळे पोहतोय

मावशी, नमस्कार. तुमची नात मोबाईलवर हे वाचून दाखवेल म्हणून इथंच लिहितेय, आणि बाकीच्यांनीही वाचावं असं मनापासून वाटतं, कारण मकराचं, म्हणजे पुराणातल्या त्या जलचराचं, चित्र पूर्ण झालंय आणि बघणारा जो तो विचारतो की हे सुचलं कुठून.

सुरुवात घारापुरीला झाली. तिथं अर्धनारीश्वराच्या शिल्पात वर देवांची गर्दी आहे ना, त्यात मकरावर बसलेला वरुण आहे. मग वेरूळला २१ नंबरच्या लेण्याबाहेरची गंगा बघितली, तीही मकरावर उभी. हत्तीची सोंड, मगरीचा जबडा, माशाचं अंग आणि शेपटीला नुसती वेलबुट्टी, दगडात हे फार देखणं दिसतं, पण मला तो जिवंत हवा होता, आपल्या मुंबईच्या मातकट पाण्यात वरुणाला पाठीवर घेऊन निघालेला.

आणि तुम्ही मासळी विकता विकता माझं स्केच बघून एवढंच विचारलंत, "बाय, ह्यो पोहतो कसा? नि दम कुठनं घेतो?"

मावशी, त्या दोन प्रश्नांवर अख्खं चित्र उभं आहे. गिऱ्हाईक ताटकळत असताना तुम्ही सुरमई उचलून शेपूट दाखवलीत, ती उभी असते, मासा ती डावीउजवीकडे मारत जातो, आणि डॉल्फिनची आडवी असते म्हणून तो वरखाली मारतो. मी मकराला माशाची उभी शेपूट दिली आणि वेलबुट्टी शेपटीच्या परांच्या टोकांवर नेली, म्हणजे लेण्यातलं सौंदर्यही राहिलं आणि अंगाला जोरही आला. दम घ्यायला सोंडेच्या मागं लालभडक कल्ले आले. अंगाचं वळण वामेचं आहे, ती सापासारखी लांब मासळी टोपलीत ज्या लयीत पडलेली असते ना, तेच. जबडा मात्र बोंबलाचा! एवढा मऊ मासा, पण तुम्ही बोटानं तोंड उघडून दाखवलंत तेव्हा आत वळलेले सुईसारखे दात बघून मी हरखूनच गेले.

मुशीवरून, म्हणजे छोट्या शार्कवरून, हात फिरवायला लावलात तेही लिहायलाच हवं. डोक्याकडून शेपटीकडं गुळगुळीत, उलटा फिरवला की खरखरीत. मकराच्या पाठीवर मी तसंच केलंय, ब्रशचे सगळे फटकारे शेपटीच्या दिशेनं, त्यामुळं पाणी अंगावरून सरकतंय असं वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला रंगाला. तुम्ही म्हणायचात लवकर ये, पहाटे ये, बोटीवरून उतरल्या उतरल्या बघ, नंतर चमक उतरते. खरंच आहे, पहाटेच्या पापलेटवर जांभळट, गुलाबी, हिरवट असं काय काय खेळत असतं आणि ऊन चढेपर्यंत नुसतं करडं उरतं. माशाच्या कातडीत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अगदी बारीक स्फटिक थराथरानं असतात, उजेड त्यांच्यावरून परततो म्हणून ती चांदी दिसते, तिथं चांदीचा असा रंग नसतोच. म्हणून मी चंदेरी रंगाची ट्यूब उघडलीच नाही, करड्यावर निळा, गुलाबी असे ऑइलचे पातळ थर एकावर एक चढवत गेले, प्रत्येक थर वाळायची वाट बघत. पाठ गडद, पोट फिकं, हेही तुमचंच, वरून बघणाऱ्याला खोल पाण्यात दिसू नये आणि खालून बघणाऱ्याला उजेडात.

लोक म्हणतात पुराणातला प्राणी काढायचा तर डोळे मिटून कल्पना करावी. मला नाही पटत. ज्यांनी लेण्यांत मकर कोरला त्यांनीही हत्ती, मगर, मासा नीट निरखलेच असणार, नाहीतर इतका खरा उतरलाच नसता. तुमच्यासारखं कुणीतरी त्यांनाही भेटलं असेल असं मला फार वाटतं. अशा माणसांची नावं कुठंच कोरली जात नाहीत, म्हणून चित्राच्या मागं मी लिहिलंय, "ससून डॉकच्या मावशींच्या मदतीनं".

भाव चालू असताना, हात बर्फात असताना तुम्ही मला वेळ दिलात, एकदाही कंटाळला नाहीत, त्याचे आभार कसे मानू कळत नाही. एका रविवारी नातीला घेऊन घरी या, चित्र जवळून बघा, आणि काही खटकलं तर सांगा, रंग अजून चढवता येतो. पुढचं डोक्यात तिमिंगिल आहे, पुराणातला तो प्रचंड मासा. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपली आणि बोटी परत आल्या की मी येतेच, मोठं पाकट, तो पंखांसारखा पसरट मासा, आलं तर तेवढा निरोप धाडा.